२०१७ ची ई-क्लास, दिल्ली पासिंग, मागताहेत २९ लाख : घ्यावी का आणि कितीला?

कुर्टीकर
मंडळी, सल्ला हवा आहे. आसगावात एक मर्सिडीज ई २२० डी विकायला आहे. डिसेंबर २०१७ ची, लांब व्हीलबेसवाली, डिझेल, प्रदूषणाच्या बीएस-४ मानकाची, दिल्ली पासिंग, पहिलाच मालक, मीटरवर ५८ हजार. मालक दिल्लीचे. कोविडनंतर इथे बंगला घेऊन स्थायिक झालेत. गाडी बहुतेक वेळ पोर्चमध्येच उभी असते, काम काय तर मोपा विमानतळ आणि परत. बाहेरून ओरखडाही दिसत नाही. २९ सांगितलेत, वर "बैठके बात करेंगे".

माझं बजेट सगळं धरून २७. रोज फोंडा ते वेर्णा, महिन्या-दोन महिन्यांतून सासरी कोल्हापूर. आजवर स्वतःच्या म्हणून मारुती आणि ह्युंदाईच घेतल्यात, त्यामुळे या वर्गातल्या गाडीत नेमकं काय तपासायचं आणि किंमत कशी लावायची हे कळत नाही. नवी असताना एक्स-शोरूम ५७ लाखांच्या घरात होती, म्हणून २९ स्वस्त वाटतेय. गणेश चवथीआधी दारात आली तर बरं, पण घाई नाही.

चकली
फोंड्यात तिस्कावर पार्किंग मिळालं की कळव. आम्ही सगळे गाडी बघायला येतो.

पेडणेकर काका
बाळा, स्पष्ट सांगतो, राग मानू नकोस. यात दोन-तीन लाख घातलेस तर नवी हायब्रिड इनोव्हा दारात उभी राहील. वॉरंटी, गावोगावी सर्व्हिस, पाच वर्षांनी विकलीस तरी पैसे येतात. जर्मन गाडी जुनी झाली म्हणून तिचे पार्ट जुन्या भावाने मिळत नाहीत. गाडी २७ लाखांची असली तरी तिचा हेडलाइट ५७ लाखांच्या गाडीचाच असतो. हत्ती घेऊ नये असं नाही, पण आधी चाऱ्याचा हिशेब मांडावा.

कुर्टीकर
काका, राग कसला. पण इनोव्हा ऑफिसच्या कामाला आठवड्यातून तीनदा चालवतोच. यावेळी मन दुसरीकडे आहे.

सत्तरीचा वाघ
काकांचं हेडलाइटचं वाक्य प्रिंट काढून गॅरेजात लावतो.

ग्रीसचा हात
वेर्ण्याला माझं छोटं गॅरेज आहे, याच गाड्या करतो. गाडीचं नाव बाजूला ठेव, तपासायची रीत सांगतो.

सकाळी जा, आणि आदल्या रात्री मालकाला सांगून ठेव की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करायची नाही. पोचल्यावर पहिलं काम म्हणजे बोनेटला हात लाव. गरम लागलं तर कुणीतरी काहीतरी झाकतंय. थंड इंजिन सुरू होतानाचा आवाज हाच खरा आवाज. पहिले काही सेकंद इंजिनमधल्या साखळीची खडखड येते का, धूर कुठल्या रंगाचा, आरपीएमची सुई एका जागी ठरते का बघ. मग ब्रेक दाबून गिअर पी (पार्क) मधून आर (रिव्हर्स), आर मधून डी (ड्राइव्ह). धक्का बसला किंवा गिअर पडायला वेळ लागला तर पुढचं बोलणं सावकाश.

दुसरं म्हणजे लिफ्टवर चढवल्याशिवाय एक रुपयाही टोकन द्यायचं नाही. आसगाव म्हणजे हणजुणे-वागातोरचा खारा वारा. वरून चकचकीत आणि खालून सबफ्रेमचे (इंजिन-सस्पेन्शन पेलणाऱ्या सांगाड्याचे) बोल्ट, ब्रेकच्या नळ्या, एक्झॉस्टचे क्लॅम्प लाल झालेले, अशा गाड्या आमच्याकडे दर महिन्याला येतात. उभी राहणारी गाडी चालणाऱ्या गाडीपेक्षा बरी असते हा समज किनाऱ्यावर चालत नाही. उभ्या गाडीच्या डिस्क गंजतात, बॅटरी मरते, रबरं कडक होतात, टायर एका जागी चपटे होतात.

तिसरं, कंपनीच्या दर्जाच्या स्कॅनरवर सगळी मॉड्यूल (गाडीतले छोटे संगणक) वाचून घे. साधा ओबीडी डोंगल (मोबाइलला जोडायचा छोटा स्कॅनर) फक्त इंजिनपुरतं बोलतो. बरेच फॉल्ट सापडले तर घाबरायचं नाही, व्होल्टेज कमी झाल्याचे जुने कोड सगळ्यांतच असतात. एकही सापडला नाही तर विचारायचं, काल कुणी पुसले? प्रत्येक फॉल्टसोबत तो कितव्या किलोमीटरला आला हे बऱ्याच गाड्यांत नोंदलेलं असतं. एका ग्राहकाने आणलेल्या जर्मन एसयूव्हीत मीटर ६२ हजार दाखवत होतं आणि गिअरबॉक्सच्या मॉड्यूलमध्ये १ लाख १८ हजारला आलेला फॉल्ट नोंदलेला होता. मीटर फिरवणारा सगळीकडे हात फिरवत नाही, आळस करतो.

नीलाक्षी
@ग्रीसचा हात, नेमका प्रतिसाद. त्यात भर घालते. मी मुंबईहून जुनी जर्मन सेदान आणली, चौथं वर्ष चालू आहे आणि खूश आहे. गाडी ठरवताना मी गाडीपेक्षा मालक जास्त तपासला. सर्व्हिसच्या पावत्या ओळीने लावलेल्या आहेत की नाहीत, टायर चारही एकाच कंपनीचे आहेत की चार भावांचे चार, हे बघा. ज्याने पन्नास लाखांच्या गाडीला स्वस्तातला मिळेल तो टायर लावला, त्याने तेलातही काटकसर केलेली असते. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. स्टेपनीचेही वाचा, तिथे गाडीची खरी जन्मतारीख असते.

आणि हो, सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा. चारही. तळाच्या पट्टीवर गाळाचा डाग असेल तर गाडी पोहून आलेली आहे.

कोल्हापुरी ठसका
बेल्टच्या मुद्द्याला दणदणीत अनुमोदन. २०१९ आणि २०२१ ला आमच्याकडे पंचगंगेचं पाणी शिरलं, २०२१ च्या जुलैत चिपळूण बुडालं, त्याआधी २०१८ चा केरळ आणि २०१५ चं चेन्नई. त्या बुडालेल्या गाड्या गेल्या कुठे? लिलावात गेल्या, धुतल्या, वाळवल्या आणि जिथे पूर आला नव्हता तिथे विकल्या. महागड्या गाडीत तर जास्त धोका, कारण सीटखाली आणि गालिच्याखाली मॉड्यूलं बसवलेली असतात. आज चालतात, सहा महिन्यांनी कनेक्टर हिरवे पडतात. सीटचे रूळ, सिगारेट लायटरच्या भोकाचा तळ, डिकीतला स्टेपनीचा खड्डा, सगळीकडे बॅटरी मारून बघा. आत उग्र अत्तराचा वास आला तर आणखी दहा मिनिटं द्या.

आणि कोल्हापूरला सासर म्हणताय, मग सासऱ्यांना न सांगता गाडी घेऊ नका.

मेघना_पर्वरी
विमा क्षेत्रात काम करते म्हणून त्या बाजूने लिहिते.

दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे पॉलिसीवर धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, ७५ टक्क्यांवर गेला की विमा कंपनी गाडी टोटल लॉस धरते. म्हणून मालकाकडून मागच्या सगळ्या पॉलिसींच्या प्रती मागा. नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) वाढत वाढत ५० टक्क्यांपर्यंत गेलेला असेल तर मोठा दावा झालेला नाही असं साधारण समजायला हरकत नाही. मध्येच तो शून्यावर आला असेल तर त्या वर्षी काय झालं ते विचारायचं. तो बोनस मालकाचा असतो, गाडीचा नाही. तुम्हाला मिळणार नाही, हप्ता ठरवताना तो धरू नका.

किंमत काढायला आयडीव्हीचा आधार बरेच जण घेतात. पाच वर्षांपर्यंत घसारा ठरलेला आहे : एक ते दोन वर्षं २० टक्के, मग ३०, ४० आणि चार ते पाच वर्षांला ५०. त्यापुढे कंपनी आणि मालक आपसात ठरवतात. ही गाडी आठ वर्षांच्या पुढे गेलीय, म्हणजे पॉलिसीवरचा आकडा मालकाने मागितला तेवढा छापलेला असू शकतो. "आयडीव्ही ३० आहे, मी २९ च मागतोय" असं ऐकवलं तर हसून पुढे जा. शिवाय या वयाच्या गाडीला झिरो डेप (घसारा न कापता पार्टचे पैसे देणारं जादा संरक्षण) बऱ्याच कंपन्या देत नाहीत, ते आधी विचारून घ्या. त्याशिवाय बंपर फुटला तर प्लास्टिकचे निम्मे पैसे तुमचेच.

दोडामार्गवाला
कागदांचं कुणी बोललं नाही म्हणून मी. माझं घर गोवा-महाराष्ट्र सीमेच्या अलीकडे, दुकान पलीकडे, त्यामुळे दोन राज्यांच्या आरटीओंत आयुष्य गेलंय.

दिल्लीची गाडी गोव्यात आणायची म्हणजे आधी दिल्लीच्या आरटीओकडून फॉर्म २८ वर एनओसी (ना हरकत दाखला), मग फॉर्म २९ आणि ३० वर नावावर, इथला रोड टॅक्स, नवीन नंबर. कर्ज असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५. दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांहून जास्त ठेवली तर तिथला नंबर घ्यावा लागतो, हे मोटार वाहन कायद्यातच आहे. तुझे दिल्लीकर कोविडपासून इथे आहेत ना? मग त्यांनी अजून डीएल नंबर का ठेवलाय, हे त्यांना प्रेमाने विचार. तिथला उरलेला टॅक्स परत मिळतो, पण मागणारा माणूस थकतो. तो परतावा किमतीत धरू नकोस.

माझा सल्ला असा की एनओसी विकणाऱ्याने काढायची, आणि ती हातात आल्यावरच मोठी रक्कम द्यायची. ई-चलनं परिवहनच्या संकेतस्थळावर नंबर टाकून बघ. दिल्लीची गाडी आहे, यादी लांब निघेल.

सत्तरीचा वाघ
दिल्लीत दहा वर्षांच्या डिझेलला बंदी ना? मग ही २०२७ च्या डिसेंबरात तिकडे भंगार. त्यांना विकायचीच आहे, आपण सुशेगाद बसायचं.

दोडामार्गवाला
इतकं सोपं राहिलेलं नाही. दहा वर्षांचा नियम हरित लवादाचा, सुप्रीम कोर्टाने २०१८ ला तो उचलून धरला. मग २०२५ च्या ऑगस्टमध्ये कोर्टानेच सांगितलं की निव्वळ वयावरून सक्तीची कारवाई करू नका, आणि डिसेंबरात ते संरक्षण बीएस-४ आणि पुढच्या गाड्यांपुरतं ठेवलं. ही बीएस-४ आहे. म्हणजे मालक घाबरून देईल अशी स्थिती नाही. पण तिकडचा खरेदीदार अजून बिचकतो, आणि तेवढं घासाघीस करायला पुरे आहे.

चकली
पीवाय-०१ ची गाडी घेऊ का मग? पुद्दुचेरीत टॅक्स कमी म्हणतात.

दोडामार्गवाला
घे. २०१७ ला केरळात पुद्दुचेरीच्या नंबरांवरून केवढा गाजावाजा झाला तो आधी वाचून घे.

शिवोलीची सई
अवांतर : गाडी पोर्चमध्ये उभी असते म्हणालात. उंदीर बघा! आमच्या शेजाऱ्यांच्या गाडीची वायरिंग एका पावसाळ्यात दोनदा कुरतडली. इंजिनवरचं काळं प्लास्टिक कव्हर काढलं तर खाली सुपारीची सालं, काथ्या, आणि घरटं.

पेडणेकर काका
तंबाखूची पानं ठेव बोनेटखाली.

शिवोलीची सई
ठेवली होती काका. तीही घरट्यात वापरली.

सत्तरीचा वाघ
गोव्यातले उंदीर व्यसनी निघाले. मांजर पाळा, तिला कंपनीची वॉरंटीही असते.

ग्रीसचा हात
हसण्यावारी नेऊ नका. या गाड्यांचा पूर्ण हार्नेस (वायरिंगचा जुडगा) बदलायची वेळ आली तर बिल लाखांत जातं. कव्हर काढून टॉर्चने बघायचंच. आणि गाडी माडाखाली उभी असते का तेही. छपरावर नारळ पडून गेलेल्या गाडीचं पॅनोरमिक सनरूफ बदललेलं असेल, तर काचेवरचा छाप बाकीच्या काचांशी जुळत नाही.

म्हापसेकर
आता किंमत. आधीच सांगतो, जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री हाच माझा धंदा आहे. ही गाडी माझी नाही, मालकाला ओळखत नाही.

५७ वरून २९ म्हणजे निम्म्यात, हा हिशेब डोक्यातून काढा. नवीन किमतीचा जुन्या किमतीशी संबंध पहिली तीन-चार वर्षंच असतो. त्यानंतर भाव ठरतो तो पुढच्या माणसाला किती धास्ती वाटते यावर. आणि नवी किंमतही हलली आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवरचा २८ टक्के जीएसटी आणि वरचा सेस जाऊन सरळ ४० टक्के झाला. एकूण कर पन्नासच्या आसपास होता तो खाली आला, नव्या गाड्या काही लाखांनी उतरल्या, तेव्हा जुन्यांनाही उतरावं लागलं. मालकांच्या डोक्यातला आकडा मात्र अजून त्याआधीचाच असतो.

जाहिरातीतले भाव हे मागितलेले भाव. पुण्या-मुंबईत याच वर्षाच्या, एमएच पासिंगच्या, नीट पावत्या असलेल्या गाडीला २७-२८ मागतात, सुटते २६ च्या अलीकडे-पलीकडे. तिथून खाली यायचं. दिल्लीची म्हणून गोव्याचा टॅक्स, एनओसी, एजंट, चकरा मिळून दोन लाख वजा. राहिले २४. हा स्वच्छ गाडीचा भाव. आता तपासणीत जे निघेल ते यातून जाणार.

एक चूक सगळे करतात. टायर-ब्रेक-सर्व्हिसचे सगळे पैसे वजा करून मागतात. आठ वर्षांच्या गाडीत थोडी झीज भावात धरलेलीच असते. जे पुढच्या वर्षभरात करावंच लागणार त्यातलं निम्मं मागा, आणि जे लपवलेलं सापडलं ते पूर्ण मागा.

नीलाक्षी
@म्हापसेकर, २४ जरा कडक नाही का? एकच मालक, ५८ हजार, अपघात नाही, हे सगळं खरं निघालं तर २५ दिले तरी मी रडणार नाही. चांगली गाडी शोधण्यात जाणारे महिने कोण मोजणार? एक लाख वाचवायला गेलेली माणसं वर्षभर तेच करत बसलेली पाहिलीत.

म्हापसेकर
खरं निघालं तर. माझाही मुद्दा तोच.

अनामिक शिंपला
मग कंपनीच्या सर्टिफाइड शोरूममधून का नाही घेत? मर्सिडीज, बीएमडब्ल्यू, ऑडी तिघांचेही जुन्या गाड्यांचे कार्यक्रम आहेत, वॉरंटी देतात. हे स्कॅनर-लिफ्ट-उंदीर प्रकरणच नको.

म्हापसेकर
घ्यावी, ज्याला झोप हवी त्याने तिथूनच घ्यावी. पण तिथे भाव दोन-तीन लाखांनी चढा असतो. शिवाय डीलरच्या मार्जिनवर १८ टक्के जीएसटी आहे, तो शेवटी गिऱ्हाइकाच्याच खिशातून जातो. दोन खाजगी माणसांच्या व्यवहारात तो नाही. आणि आठ वर्षांची गाडी या कार्यक्रमात सहसा घेतच नाहीत.

ग्रीसचा हात
वॉरंटीचा कागद वाचून घ्या एवढंच म्हणतो. गिअरबॉक्स आणि इंजिन धरलेलं असतं, सस्पेन्शनचे बुश, डिस्क, बॅटरी "झिजणारे भाग" म्हणून वगळलेले असतात. आपले रस्ते बघता पैसे नेमके तिथेच जातात.

पेडणेकर काका
रोज फोंडा ते वेर्णा म्हणजे किती, पंचवीस-तीस किलोमीटर? त्यासाठी डिझेल कशाला?

ग्रीसचा हात
काका, हा मुद्दा बरोबर काढलात. दहा-दहा किलोमीटरच्या चकरा मारणाऱ्या डिझेलची डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारी जाळी, भरून जाते. ती जळायला गाडी सलग, गरम, जरा वेगात चालावी लागते. कुर्टीकरांचं चालेल, महिन्याला कोल्हापूर आहे. पण आताच्या मालकाची गाडी बहुतेक वेळ उभीच असते, म्हणून या गाडीत ही जाळी असेल तर स्कॅनरवर काजळीचं प्रमाण नक्की बघा. आणि चाचणी हणजुण्याच्या गल्लीत नको. चोर्ला घाटात न्या, निदान फर्मागुढीचा चढ. चढावर दाबल्यावर गाडी गुरगुरते पण पुढे जात नाही, असं झालं तर टर्बोच्या पाइपांत गळती शोधायची.

गिअरबॉक्सचं तेल "आयुष्यभर चालतं" असं सांगणारे भेटतील. जेडएफ ही गिअरबॉक्स बनवणारी कंपनी स्वतःच्या आठ गिअरच्या पेटीचं तेल ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला किंवा आठ वर्षांनी बदला म्हणते. मर्सिडीजची नऊ गिअरची पेटी तिची स्वतःची, पण तेल तेलच असतं.

चकली
कुर्टीकर गायब. गाडी घेऊन पळाला की काय?

कुर्टीकर
आहे, आहे. काल तपासणी झाली, म्हणून थांबलो होतो. देव बरें करूं सगळ्यांचं, खास करून ग्रीसचा हात यांचं. स्वतः आले, पेट्रोलचेही पैसे घेतले नाहीत.

सकाळी साडेसातला पोचलो. बोनेट थंड. इंजिन एका झटक्यात सुरू, आवाज स्वच्छ, धूर नाही. गिअर मखमली. स्कॅनमध्ये किलोमीटर सगळीकडे जुळले. स्टेपनीवर ३९१७, पुढचे टायर २२२०, मागचे २०२१ चे. चारही एकाच कंपनीचे, पण पुढच्यांच्या कडांना बारीक भेगा. पुढच्या डिस्कच्या कडेवरून बोट फिरवलं तर नखाला अडेल एवढा कंगोरा. मालक म्हणाले, "यह तो सब गाड़ियों में होता है."

मग ग्रीसचा हात यांनी मागच्या डाव्या बाजूच्या पायपोसाखाली हात घातला आणि गालिचा दाबला. बोटांना ओल. बाहेर आठ दिवस पाऊस नव्हता. सनरूफचं दार उघडून कोपऱ्यातल्या निचऱ्याच्या भोकात पाणी ओतलं, तिथेच उभं राहिलं. आतून आंब्याचा मोहोर आणि पाल्याचा चिखल निघाला. वायरिंग बरी दिसली, कनेक्टर अजून हिरवे नाहीत. डाव्या मागच्या दारावर रंगाची जाडी २८० मायक्रॉन, बाकी गाडीवर ११० ते १३०. मालकांनी मान्य केलं, गेटला घासली होती. पावत्या २०२२ पर्यंत कंपनीच्या, ४९ हजारला शेवटची. त्यानंतर "लोकल में करवाया", कागद नाही. खालून बोल्टांवर गंज आहे, सबफ्रेम ठीक.

नीलाक्षी
वाईट नाही की! मला तर प्रामाणिक गाडी वाटतेय. मालक मात्र आळशी.

मेघना_पर्वरी
२८० म्हणजे पुन्हा रंग, पण लांबी (चेपलेला पत्रा भरायची पुटी) भरलेली नसावी. लांबीवर मीटर बराच वर जातो. गेट घासल्याची गोष्ट पटते. त्या वर्षी दावा केला होता का तेवढं बघा.

ग्रीसचा हात
तेलाचे कागद नसलेली तीन-चार वर्षं, एवढीच माझी तक्रार. तेलाच्या झाकणाखाली काळा गोळा नव्हता, म्हणजे बदललं असावं. असावं.

म्हापसेकर
मांडूया. टायर चार, सतराच्या चाकाचे, ७० हजार. पुढच्या डिस्क आणि पॅड ६०. गिअरबॉक्स तेलासकट पूर्ण सर्व्हिस ६५. बॅटरी कधीची आहे?

ग्रीसचा हात
मूळ नाही, पण लोड टेस्टला कमजोर. ३० धरा. गालिचा काढून वाळवणं, निचरे साफ करणं १५.

म्हापसेकर
झाले २ लाख ४०. यातली झीज म्हणजे टायर, डिस्क, सर्व्हिस, बॅटरी मिळून सव्वादोन, तिचं निम्मं. ओल त्यांनी सांगितली नव्हती, ती पूर्ण. सव्वा लाखाच्या आसपास येतं. २४ मधून गेले, पावणेतेवीस. साडेबावीसने सुरू करा, साडेतेवीसच्या वर जाऊ नका. तेवढ्याला घेऊन टॅक्स-नंबरचे दोन लाख आणि हे २ लाख ४० घातले तर २८ च्या घरात जाते, म्हणजे तुमचं बजेट तसंही ओलांडतं.

पेडणेकर काका
आणि इनोव्हा...

सत्तरीचा वाघ
काका!!

कुर्टीकर
बोलणी झाली. साडेबावीस ऐकून चहा थंड झाला. ते २७ वर आले, मग २६. म्हणाले, दिल्लीत भाच्याची अशीच गाडी २७ ला गेली. मी म्हटलं, मग ही पण दिल्लीलाच पाठवा. हसले. शेवटचा त्यांचा आकडा २५, एनओसी मी काढायची. माझा साडेतेवीस, एनओसी त्यांनी काढायची. दीड लाखाच्या फरकापेक्षा ते एनओसीचं जास्त खटकलं. सहा वर्षं इथे राहून जो नंबर बदलला नाही, तो बदलायला मी दिल्लीच्या खिडकीवर उभा राहू?

आठवडा गेला. फोन आला नाही, मीही केला नाही. घरात चर्चा होऊन सध्या थांबायचं ठरलंय. पुण्यात एक एमएच पासिंगची आहे, २६ मागताहेत, कागद पूर्ण. कोल्हापूरला जाईन तेव्हा तसाच पुढे जाऊन बघून येईन.

दोडामार्गवाला
एनओसीवर अडलास ते उत्तम केलंस. बाकी महाराष्ट्राची आणलीस तरी इथला टॅक्स आहेच, तो आजच आरटीओतून लेखी काढून घे. एजंटाच्या तोंडी आकड्यावर जाऊ नकोस.

अनामिक शिंपला
कुर्टीकर, आसगावची गाडी सोडलीतच ना नक्की? मी इथे बहुतेक वाचतच होतो, पण माझा मेहुणा गुरगावला असतो आणि आरटीओची कामं त्याला जमतात. मालकांचा नंबर व्यनि (खाजगी निरोप) कराल का?

कुर्टीकर
केला. २५ पासून सुरू करू नका, गालिच्यापासून करा.